शिवळ ठेवा, बैल सोडा

गाड्या उभ्या करायचे पैसे घेते म्हणून बुलढाण्याच्या आजूबाजूच्या खेड्यांनी मला भरपूर शिव्या दिल्या. त्यांतल्या अर्ध्या मी इथे लिहू शकते, अर्ध्या अंकवाले छापणार नाहीत. शिव्या देणाऱ्यांचं फारसं चुकत होतं असंही नाही. आजवर ज्याने त्याने वाटेल त्या झाडाखाली बैल सोडले होते. आणि एके दिवशी एक बाई फाटकात उभी राहून म्हणते, पैसे द्या. वऱ्हाडात तेव्हा सरकार नागपूरचं, मुलूख कागदावर निजामाचा असं लोक म्हणायचे, आणि पैसे मागायची मी. मग राग माझ्यावरच निघणार.

तेव्हा गावात कॉलेज नव्हतं. हायस्कूल होतं, कचेरी होती, कोर्ट होतं. त्यामुळे शिकणारी पोरं, कारकून, वकील आणि वकिलांचे अशील अशी माणसं कायम असायची. ते पाहून एका शेठने हायस्कुलाच्या रस्त्याला दुकानांची नवी ओळ बांधली. एकाच छपराखाली कापड, किराणा, भांडी, शिंपी, वह्या-दऊतीचं दुकान, वसतिगृहातल्या पोरांसाठी खानावळ, आणि टोकाला दौलतचं चहाचं हाटेल. असं एकाजागी सगळं मिळणं लोकांना नवं होतं. ओळीच्या मागे शेठने तारेचं कुंपण घालून मोठी जागा सोडली, त्यात दगडी हौद बांधला. निंबाची झाडं आधीपासून होती. हा गाडीतळ. शेठचं म्हणणं असं की, दुकानांसमोर बैल उभे राहिले की शेण पडतं, वाट अडते, आणि चांगली गिऱ्हाइकं परत जातात. गाड्या मागे लावा, दोन पैसे द्या, आणि पुढे येऊन खुशाल खरेदी करा.

तळाची राखण माझ्या नवऱ्याकडे होती. फाटकाला लागून एक खोली होती, तिच्यात आम्ही राहायचो. तो हिवतापाने गेला. मुलगी लहान होती. शेठ बसायला आले, जाताना म्हणाले, "गिरजाबाई, अखजीपर्यंत तुम्हीच पाहा. मग पाहू. गाडीवानांपुढे बाईमाणसाचं कसं चालंन?"

अखजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे सालदार गड्याचं साल त्या दिवशी संपतं आणि त्याच दिवशी नवं लागतं. म्हणजे मला त्या दिवसापर्यंत दाखवायचं होतं की बाईमाणसाचं चालतं. नाही चाललं तर काम जाणार आणि कामाबरोबर खोली. माहेरी भाऊ होता, भाजीपाल्याचा मळा होता, पण भावजयीच्या चुलीपुढे बसायची माझी तयारी नव्हती. मी मराठी चौथी शिकले होते. दुसरा धंदा मला येत नव्हता. हाही येत नव्हता, तो शिकता येण्यासारखा होता एवढंच.

नवरा चिठ्ठ्या फाडून द्यायचा. गाडी आली की चिठ्ठी, जाताना चिठ्ठी दाखवायची. गाडीवान त्या चिठ्ठीत तंबाखू गुंडाळायचे, नाहीतर ती हरवायचे. मग निघायच्या वेळी फाटकात भांडण. त्यात एका बाजारात एकाचा बैल दुसराच कोणी "माझा आहे" म्हणून घेऊन चालला होता. मालकाने वेळेवर पाहिला म्हणून बरं. त्या दिवसापासून लोक म्हणू लागले, पैसे देऊन बैल चोरीला द्यायचा का? आणि नाल्याकाठी सोडू लागले.

मी हाती घेतल्यावर पहिल्याच बाजाराला एक गाडीवान पैसे न देता निघाला. मी ओरडले तर म्हणतो, "मोठ्यानं ओरड व माय, नागपुरापर्यंत जाऊ दे आवाज!" बैल जुंपून झाले होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी धावत गेले आणि जुवाच्या टोकाची खुंटी उपसून घेतली.

ज्यांनी गाडी जुंपली नाही त्यांच्यासाठी सांगते. जुवाच्या दोन्ही टोकांना एकेक खुंटी असते. तिला शिवळ म्हणतात. बैलाची मान तिच्या आत राहते. ती उपसली की बैल बाजूला सरकतो आणि गाडी जागेवरच बसते. हातभर लाकूड, पण तेवढ्यावर सगळी गाडी अडते. तो माणूस खाली उतरला, माझ्याकडे पाहिलं, आपल्या जुवाकडे पाहिलं, आणि हसायला लागला. पैसे दिले. मी शिवळ दिली.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद केल्या. गाडी आली की एक शिवळ माझ्या हातात द्यायची, मग बैल सोडायचे. खोलीच्या भिंतीला खिळे ठोकून त्यावर मी शिवळी टांगायचे. शिवळ परत गेल्याशिवाय बैलाच्या दाव्याला हात लावायचा नाही. आणि ज्यांनी ठेवली त्यांनीच न्यायची, मुलगा-भाऊ-जावई काही चालणार नाही. लोकांना हे पटलं, कारण शिवळ घरची असते. बाभळीची, सागाची, कोणी घरी तासलेली, कोणी सुताराकडून करून घेतलेली, गुळगुळीत झालेली. आपली शिवळ कोणीही गर्दीत ओळखतो. चिठ्ठी कोणाची कोणाला कळत नाही.

गाड्या लावण्यातही डोकं लागतं. जो आधी आला त्याला पुढे लावलं तर संध्याकाळी सगळा गुंता होतो. घाटाखाली जाणारे उजेड असताना निघणार, ते फाटकाजवळ. डोणगावकडून मिरची घेऊन आलेले मुक्कामी राहणार, ते आत कुंपणाकडे. मारका बैल एकटा, कोपऱ्यात. गाय-बैल शेजारी नाही, का ते सांगायला नको. हे सगळं आल्या-आल्या विचारून घ्यायचं, आणि माणूस खोटं बोलतो हे धरून चालायचं. "आत्ता निघतो" म्हणणारा सगळ्यांत शेवटी निघतो.

सायकलीही यायच्या. मास्तरांच्या, कारकुनांच्या, हायस्कुलातल्या मोठ्या घरच्या पोरांच्या. सायकलीला शिवळ नाही. मी घंटीची वरची वाटी काढून घ्यायचे. पोरं म्हणायची, "काकू, घंटीबिगर सायकल चालते की."

"चालंन. पन घरी बापाले काय सांगशीन?"

मग पैसे निघायचे. एक मास्तर सायकल ठेवून चालतच घरी जायचे, रोज. संध्याकाळी त्यांची बायको वाटी न्यायला यायची (सायकलींना मी बैलांइतकी कडक नव्हते) आणि सायकल हातात धरून चालत न्यायची. तिला सायकलीवर बसता येत नव्हतं. त्या बाई माझ्याशी दोन शब्द बोलायच्या. तेवढ्यासाठी त्या येतात असं मला वाटायचं.

एकदा मोटार आली. एका बड्या वकिलाची. वकील कोर्टात गेले आणि ड्रायव्हरने मोटार सरळ तळात घातली. बैल उधळायला लागले. मी आधी मोटार बंद करायला लावली, मग शिवळ मागितली.

"मोटारीले कुठची शिवळ, बाई?" तो हसत म्हणाला. त्याच्या हातात पुढून फिरवून मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल होतं.

"मंग हे काय हाये हातात? याच्याबिगर चालते का?"

"नाई चालत."

"मंग हेच शिवळ. द्या."

ते हँडल दिवसभर बाभळीच्या शिवळींच्या रांगेत टांगलेलं होतं. खेड्यातली माणसं ते पाहायला खोलीपाशी येत होती. वकिलांना समजलं तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला झापलं आणि मला पैसे दिले, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्यांनी मलाही झापलं. पण पैसे दिले.

आणखी एक झालं, ते मी ठरवून केलं नव्हतं. तळावर बाई आहे म्हटल्यावर बायका यायला लागल्या. आधी बाजार पुरुष करायचे. आता लेकरू घेऊन सून यायची, सासू यायची, निंबाखाली बसायच्या, लेकराला पाजायच्या, मग ओळीत जाऊन लुगडं स्वतः निवडायच्या. पुरुषांनी आणलेलं लुगडं आणि स्वतः निवडलेलं लुगडं यांत काय फरक असतो ते कापडवाल्याला लवकर समजलं. शेठलाही समजलं असणार, पण ते बोलले नाहीत. एक मात्र राहिलं. त्या ओळीतल्या खानावळीत मी कधी बसून जेवले नाही. वास रोज यायचा. तेव्हा बाया तिथं बसत नसत, आणि पुढे बसू लागल्या तेव्हा ती खानावळ राहिली नव्हती.

आता दौलतचं सांगते. हाटेल चांगलं चालत होतं, पण त्याचा डोळा तळावर होता. त्याला वाटायचं तळ आपल्याकडे असला तर प्रत्येक गाडीवान आपल्या चहाशिवाय हलणार नाही. तो माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. येता-जाता म्हणायचा, "वहिनी, अखजी जवळ येऊन राह्यली बरं." मी म्हणायचे, "सगळ्यांचीच येऊन राह्यली."

दसऱ्यानंतरच्या एका बाजाराची गोष्ट. पुंजाजी आणि तुळशीराम नावाचे दोघे देऊळघाटाकडच्या एका खेड्यातून आले होते. पुंजाजीची गाडी आणि एक बैल. तुळशीरामचा एक बैल. दोघांची मिळून जोडी. याला सावड म्हणतात. ज्याला दोन बैल परवडत नाहीत तो दुसऱ्या तसल्याच माणसाशी जोडी करतो, आणि दोघांची शेतं पाळीपाळीने होतात. दोघांनी मिळून शिवळ माझ्या हातात दिली आणि रब्बीचं बियाणं घ्यायला ओळीत गेले.

दुपारी तुळशीराम एकटाच आला. तोंड लाल.

"शिवळ काढा बाई. माहा बैल नेतो मी."

"पुंजाजी कुठी हाये?"

"खड्ड्यात गेला. सावड तुटली आमची. बैल माहा हाये, तं नेतो."

"शिवळ दोघांनी ठेवली. दोघं या, घेऊन जा."

तो पुढे गेला नाही, पण मागेही हटला नाही. तेवढ्यात पुंजाजी आला. त्याचं म्हणणं उलटं. तुळशीरामचा बैल बाहेर काढा, शिवळ मला द्या, मी गावातल्या दुसऱ्या कोणाचा बैल जोडून गाडी नेतो. मी त्यालाही तेच सांगितलं. हाटेलात चहा पिताना कोणाचं रान आधी पेरायचं यावरून त्यांचं लागलं होतं. जमिनीतली ओल टिकून होती, पण फार दिवस टिकणार नव्हती. जोडी तुटली तर दोघांचीही पेरणी जाणार होती. हे ते दोघेही जाणत होते आणि म्हणूनच जास्त ओरडत होते.

दौलत गर्दी घेऊन आला. "पाहा हो! लोकायचे बैल अडकून बसली बाई. माणसाचा सोताचा बैल, त्याले नेता येत नाई!" गर्दीला ते पटलं. गर्दीला जोरात बोललेलं पटतं. कोणीतरी शेठला बोलावून आणलं.

शेठ फाटकापाशी आले. "गिरजाबाई, देऊन टाका. बैल त्याचाच आहे, सगळे सांगून राहिले."

"आज सगळे सांगून राह्यले म्हनून देतो, शेठ. उद्या दुसरा कोनी चार माणसं घेऊन येईन, म्हनंन हा बैल माहा. मंग? फाटकात मी उभी हाये, का गर्दी?"

"पण हे तं खरं बोलून राहिले ना!"

"खरं बोलून राह्यले. तुमी सांगा, मी खरं-खोटं कशावरनं ओळखू? शिवळ ओळखतो, तेवढंच मले येते."

शेठ रागावले. लोकांसमोर बाईने उलट बोलणं त्यांना आवडलं नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "अखजीले पाहू." आणि गेले. मी मनात म्हटलं, झालं. पण आता शिवळ दिली असती तर काम त्या दिवशीच गेलं असतं, अखजीची वाट पाहायला नको.

दोघे तळाच्या दोन टोकांना बसले. बैल मधे होते. त्यांना भांडणाचं काही समजलेलं नव्हतं. अंगाला अंग लावून रवंथ करत होते. ऊन कललं तशा गाड्या जाऊ लागल्या. प्रत्येक जण शिवळ घेताना त्या दोघांकडे पाहून काहीतरी बोलून जात होता. मला शेण काढायचं होतं. मी टोपली घेऊन त्यांच्यामधे गेले आणि विचारलं, "रान कोनाचं हलकं हाये?"

मी खाली बसून टोपली भरू लागले. मग पुंजाजी म्हणाला, "याचं."

"मंग याची ओल आधी उडंन."

"ते मले माईत नाई का? मी तेच म्हनणार होतो. ह्यानं आधीच तोंड सोडलं."

"तोंड मी सोडलं?" तुळशीराम उठला. "चारचौघात मले भिकमाग्या कोन म्हनला?"

"भिकमाग्या नाई म्हनलो बे. एकबैल्या म्हनलो."

"अन् तू कोन हायेस? तुह्यापाशी किती बैल हायेत?"

फाटकाजवळ एक म्हातारा गाडीवान जू उचलत होता, तो इतका हसला की त्याच्या हातातून जू सुटलं. पुंजाजी उठून बैलांपाशी आला. मग त्याने आपल्या बैलाकडे पाहिलं, तुळशीरामच्या बैलाकडे पाहिलं.

"एकच हाये," तो म्हणाला.

"मंग चाल. अंधार पडून राह्यला."

दोघे खोलीपाशी आले. मी शिवळ दोघांच्या हातात दिली. दोघांनी धरली. दोघांनी मिळून बैल जुंपले. पुंजाजी गाडी हाकत होता, तुळशीराम मागून चालत होता, गाडीत बसायला तयार नव्हता. पुढे चढ लागला तेव्हा त्याने मागून गाडीला हात लावला आणि ढकलू लागला. एवढं मी पाहिलं आणि शेण काढायला गेले.

अखजीला शेठने तळ दौलतला दिला. दौलतने जास्त पैसे कबूल केले होते. मी भांडले नाही. भांडून खोली मिळत नाही. मुलीला घेऊन बाजारामागे एका छपरात राहायला गेले आणि भावाच्या मळ्यातली वांगी-मेथी घेऊन बाजारात बसू लागले. वाईट वाटलं. पण रडत बसायला सवड नव्हती, मेथी दुपारपर्यंत कोमेजते.

पहिल्या बाजाराला दौलत नवं धोतर नेसून फाटकात उभा राहिला. पहिली गाडी आली. दौलत म्हणाला, शिवळ द्या. गाडीवान म्हणाला, "बाई कुठी गेली?"

"बाई नाई आता. मी हाये."

"तुले काऊन देऊ शिवळ?"

दौलतने त्याला समजावलं, नियम तोच आहे, खिळे तेच आहेत. गाडीवान म्हणाला, खिळे तुह्यापाशी ठेव, आणि गाडी नाल्याकडे वळवली. मागच्याही वळल्या. हे मला तुळशीरामने सांगितलं. तो माझ्यासमोर उकिडवा बसून वांगी निवडत होता आणि आपण सगळ्यांच्या आधी गाडी वळवली असं सांगत होता. पुंजाजी मागून म्हणाला, "गाडी माही हाये. मी वळवली."

बायका नाल्यापासून ओळीपर्यंत उन्हात चालत येईनात. नाल्याकाठी बसायला सावलीही नव्हती. पुढच्या बाजारालाही तेच झालं. कापडवाला, किराणावाला, दोघे शेठकडे गेले म्हणे. खानावळवाल्याचा मसालेभात उरला. दौलतचा चहासुद्धा उरला.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी शेठ माझ्या छपरापाशी आले. बाज टाकली, पाणी दिलं. ते पाणी प्याले.

"गिरजाबाई, दौलत स्वतः म्हणून राहिला की माझ्यानं नाही होत. तुम्ही या."

"कोनाच्या नावानं?"

"म्हणजे?"

"मागं नवऱ्याच्या नावानं होतं. मंग अखजीपर्यंत कोनाच्याच नावानं नव्हतं. आता कागद करा तं माह्या नावानं करा. खोलीसकट. अन् फाटकातला नियम मी सांगंन तो. तुमी मधे बोलायचं नाई."

शेठने टोपलीतलं एक वांगं उचलून पाहिलं. मग म्हणाले, "वांगी कशी दिली?" मला तेव्हा समजलं की काम झालं. मी त्यांना वांगी दिली आणि पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी मी फाटक उघडलं तेव्हा गाड्या आधीच येऊन रांगेत उभ्या होत्या. मी एकेकाची शिवळ घेत गेले. दौलतने हाटेलातून चहा पाठवला, कपाखाली बशी होती. मी चहाचे पैसे पाठवून दिले. त्याने ठेवून घेतले, तेही बरंच केलं.

रांग संपत आली तेव्हा शेठची दमणी आली. पांढरे बैल, गळ्यात घुंगरमाळा, वर रंगीत छत. आजवर ती कधी शिवळ देऊन आत आली नव्हती. गाडीवान मला पाहून थांबला, पण खाली उतरला नाही. मागच्या गाड्यांवरची माणसं वाकून पाहत होती. मी हात पुढे केला.

गाडीवानाने मागे वळून पाहिलं. शेठ आतून उतरले. त्यांनी स्वतः जुवाची शिवळ काढायचा प्रयत्न केला, ती घट्ट बसली होती, त्यांना सवय नव्हती. दोन-तीनदा हलवून काढली आणि माझ्या हातात दिली. सागाची होती, वर पितळेची टोपी बसवलेली.

मी ती पुंजाजीच्या शिवळीशेजारी टांगली. मधे एकही खिळा रिकामा सोडला नाही.